मोठ्या आतड्याच्या रोहिण्या : लंडनच्या चित्रापासून कळव्याच्या विच्छेदनगृहापर्यंत

मोठ्या आतड्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचे वर्णन वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात एखाद्या पानात आटोपते. रोहिणी म्हणजे हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणारी वाहिनी. पोटातून खाली उतरणाऱ्या महारोहिणीच्या पुढच्या अंगाने ज्या शाखा निघतात त्यांपैकी दोन मोठ्या आतड्याच्या वाट्याला येतात. कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवर निघणारी ‘सुपीरियर मेसेंटेरिक’ ही वरची आणि तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर निघणारी ‘इन्फीरियर मेसेंटेरिक’ ही खालची. आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी बांधून ठेवणाऱ्या दुपदरी पडद्याला आंत्रबंध, म्हणजेच मेसेंटेरी, म्हणतात आणि त्यावरून ही नावे पडली आहेत. वरच्या रोहिणीपासून इलिओकॉलिक, राइट कॉलिक आणि मिडल कॉलिक अशा तीन शाखा निघून आतड्याचा उजवा भाग आणि आडव्या भागाचा सुमारे दोनतृतीयांश हिस्सा सांभाळतात. खालच्या रोहिणीच्या लेफ्ट कॉलिक, सिग्मॉइड आणि गुदाशयाकडे उतरणारी शेवटची अशा शाखा उरलेला भाग सांभाळतात. आतड्याजवळ पोचल्यावर प्रत्येक शाखा दुभंगते, शेजारच्या शाखेला कमानीने मिळते आणि या कमानींची मिळून आतड्याच्या काठाकाठाने जाणारी जी सलग वाहिनी तयार होते तिला मार्जिनल, म्हणजे काठाची, रोहिणी म्हणतात. हे चित्र रंगीत पेन्सिलींनी नीट काढता आले की परीक्षेत गुण मिळतात. विच्छेदनाच्या टेबलावर मात्र हे चित्र जसेच्या तसे सापडेलच याची खात्री कोणताही अनुभवी शिक्षक देत नाही.

वरच्या रोहिणीच्या तीन शाखांपैकी राइट कॉलिक ही सर्वांत बेभरवशाची. स्ट्युअर्ड आणि रँकिन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 1933 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ही शाखा सुमारे 40 टक्के देहांत वरच्या रोहिणीपासून स्वतंत्रपणे निघालेली आढळली, 30 टक्क्यांत ती मिडल कॉलिकची उपशाखा होती, 12 टक्क्यांत इलिओकॉलिकची, आणि 18 टक्क्यांत ती मुळी नव्हतीच. म्हणजे पुस्तकातले ‘सामान्य’ चित्र निम्म्याहून कमी माणसांना लागू पडत होते. असा निष्कर्ष एक देह उघडून, किंवा दहा देह उघडूनही, काढता येत नाही. रचनेतील भेद ही मोजणीची गोष्ट आहे आणि मोजणीसाठी देह लागतात. त्यामुळे या रोहिण्यांच्या ज्ञानाचा इतिहास हा बऱ्याच अंशी देह कोठून आले, कोणाचे आले आणि कोणत्या कायद्याने आले याचा इतिहास ठरतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या रेल्वेच्या एका पट्ट्यात वसलेल्या शहरांचा या इतिहासाशी असलेला संबंध त्या बाजूनेच समजून घ्यावा लागतो.

भारतीय परंपरेत देह पाहण्याची पद्धत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितली आहे. विषाने न मेलेल्या, दीर्घ रोगाने न झिजलेल्या, शंभरी न गाठलेल्या माणसाचा अखंड देह घ्यावा, आतड्यांतील मळ काढून टाकावा, देह मुंज, कुश, साली अशा वस्तूंनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा आणि नदीच्या पाण्यात आडबाजूला कुजू द्यावा. सात रात्रींनंतर तो बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असा त्या पद्धतीचा सारांश आहे. शस्त्राऐवजी कुजण्याच्या क्रियेने देह उलगडण्याची ही युक्ती हाडे, सांधे आणि स्नायुबंध पाहण्यास उपयोगी पडत असावी. परंतु शरीरात सर्वांत आधी कुजते ते आतडे, आणि आंत्रबंधाच्या चरबीतून जाणारी, दोरीएवढ्या जाडीची रोहिणी सात दिवसांच्या पाण्यात टिकून राहणे कठीण. त्या ग्रंथात शिरा आणि धमन्यांची मोठी गणना असूनही ती आजच्या रोहिण्यांशी जुळत नाही याचे एक साधे कारण या पद्धतीतच असावे. तेथे ज्ञानाचे श्रेष्ठत्व किंवा कनिष्ठत्व शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही.

युरोपात आतड्याच्या कमानींकडे लक्ष गेले ते सतराव्या शतकापासून. पॅरिसचा झाँ रिओलान, ज्याने हार्वेच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धांताला कडाडून विरोध केला आणि ज्याला हार्वेने 1649 साली दोन पत्ररूप उत्तरे छापून दिली, त्याचे नाव वरच्या आणि खालच्या रोहिणीला जोडणाऱ्या एका कमानीला चिकटले. पुढे ‘रिओलानची कमान’ हे नाव लेखकागणिक वेगवेगळ्या वाहिन्यांना लावले जाऊ लागले आणि अखेरीस ते वापरूच नये असे म्हणण्यापर्यंत मजल गेली. हार्वेचा रक्ताभिसरणाचा सिद्धांत न मानणाऱ्या पंडिताच्या नावाने रक्ताच्या आडवाटेची ओळख व्हावी, हा शारीरशास्त्राच्या नामकरणातला एक गमतीचा योग म्हटला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात या रोहिण्यांचे जे चित्र जगभरच्या विद्यार्थ्यांच्या मनात ठसले ते 1858 साली लंडनमध्ये निघालेल्या हेन्री ग्रे यांच्या शारीरग्रंथातील होय. मजकूर ग्रे यांचा, परंतु आकृत्या हेन्री वॅनडाइक कार्टर यांच्या, आणि विच्छेदन दोघांनी मिळून सुमारे दीड वर्षात उरकलेले. अवयवाची नावे बाजूला रेघा ओढून देण्याऐवजी कार्टर यांनी ती अवयवांवरच लिहिली, त्यामुळे आडवे आतडे वर उलटून टाकलेल्या आकृतीत रोहिणीच्या अंगावर तिचे नाव वाचता येते. चित्र देखणे आहे, आणि देखणेपणामुळेच ते प्रमाण होऊन बसले. इंग्लंडात 1832 च्या कायद्याने रुग्णालयांत आणि गरीबगृहांत मेलेल्या बेवारस गरिबांचे देह विच्छेदनासाठी मिळू लागले होते. त्याआधी एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी देह विकण्यासाठी सोळा खून केल्याचे 1828 साली उघडकीस आले होते. कार्टर यांच्या रेषेमागे असे नाव नसलेले देह आहेत.

ग्रंथ छापून होत असतानाच कार्टर मुंबईला आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीर आणि शरीरक्रिया या विषयांचे अध्यापक झाले. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते; मदुरापाद, कुष्ठरोग आणि उलटून येणारा ताप यांवरचे त्यांचे काम याच मुलखातले, आणि 1888 साली निवृत्त होईपर्यंत त्यांचा बहुतेक कार्यकाळ मुंबई इलाख्यात गेला. मराठी वैद्यकाच्या इतिहासात या माणसाची आठवण जितकी व्हायला हवी तितकी होत नाही. जगाला आतड्याच्या रोहिण्या दाखविणारा हात भायखळ्याच्या वर्गात खडू धरत होता.

ज्या महाविद्यालयात कार्टर आले ते 1845 साली सुरू झाले होते. त्यापूर्वी 1826 ते 1832 या काळात मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक सरकारी शाळा चालली आणि बंद पडली. कलकत्त्यात 1836 साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी विद्यार्थ्यांसह देह उघडून उच्चवर्णीयांच्या मनातील भिंतीला पहिले भगदाड पाडले. मुंबईत ग्रँटची पहिली तुकडी 1851 साली बाहेर पडली आणि तीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग यांच्यासारखे पुढे सार्वजनिक जीवनात गाजलेले पुरुष होते. दोनच वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि 1854 साली रूळ कल्याणला पोचले. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत ठाणे-कल्याणच्या ज्या मुलांनी डॉक्टर व्हायचे ठरविले त्यांचे विच्छेदनाचे शिक्षण बहुधा मुंबईत झाले, कारण या पट्ट्यात देह उघडण्याची परवानगी आणि सोय असलेली जागाच नव्हती. कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेल्या आनंदीबाईंना तर त्यासाठी फिलाडेल्फियाला जावे लागले, जेथून त्या 1886 साली पदवी घेऊन परतल्या. ज्या समाजात प्रेताला शिवल्यावर आंघोळ करावी लागे, तेथल्या मुलीने परदेशात प्रेतावर सुरी चालवली या घटनेचा धक्का आज कल्पनेनेच समजून घ्यावा लागतो.

मोजणीचे युग विसाव्या शतकात उजाडले आणि त्यामागे शल्यकर्माची निकड होती. आतड्याचा कर्करोगग्रस्त तुकडा कापून दोन टोके जोडायची तर जोडाला रक्त मिळाले पाहिजे. न मिळाल्यास टाके उसवतात, मळ पोटात सांडतो आणि रुग्ण दगावतो. हँबर्गच्या पाउल झुडेक यांनी 1907 साली खालच्या रोहिणीच्या शेवटच्या टप्प्यावर एक ‘धोक्याची जागा’ दाखवली आणि तिच्या खाली रोहिणी बांधल्यास गुदाशय उपाशी मरतो असे सांगितले. सहा-सात वर्षांनी न्यूकॅसलच्या हॅमिल्टन ड्रमंड यांनी मृतदेहावर केलेला प्रयोग याच्या उलट दिशेने जातो. त्यांनी राइट, मिडल आणि लेफ्ट कॉलिक या तिन्ही शाखा मुळाशी बांधल्या आणि इलिओकॉलिकमध्ये रंगीत द्रव सोडला. तो द्रव आतड्याच्या काठाकाठाने थेट सिग्मॉइडपर्यंत पोचला. तेव्हापासून मार्जिनल रोहिणीला ड्रमंडचे नाव लागले. 1956 मध्ये ग्रिफिथ्स यांनी प्लीहेजवळच्या वळणावर, जेथे वरच्या आणि खालच्या रोहिणीची हद्द मिळते, ही काठाची वाहिनी कधी बारीक होते तर कधी तुटते हे दाखवले; दोन धरणांच्या कालव्यांचे शेवटचे पाणी जेथे पोचते तेथील शेतासारखी ही जागा असून दुष्काळात आधी तीच सुकते. 1958 साली सोनलंड आणि सहकाऱ्यांनी 600 देहांवरून वरच्या रोहिणीच्या शाखांचे, तर 1965 साली मिशेल्स आणि सहकाऱ्यांनी 400 विच्छेदनांवरून डाव्या बाजूचे भेद मांडले. या मालिकेत एक भारतीय नावही आहे : आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, याला मुख्य रोहिणीखेरीज मिळणाऱ्या जादा रोहिणीला शेषाचलम यांच्या नावाने ओळखतात.

एवढे भेद का पडतात याचे उत्तर गर्भावस्थेत आहे. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढणाऱ्या आतड्याला पोटात जागा पुरेनाशी होते, ते नाळेत उतरते, वरच्या रोहिणीला अक्ष करून एकूण 270 अंशांची गिरकी घेते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत पोटात येते. या घडामोडीत तात्पुरत्या वाहिन्यांची जाळी बनतात आणि विरतात. त्यांपैकी कोणत्या टिकतील हे पुरते ठरलेले नसते, आणि जी टिकते तिचेच पुढे नाव होते. राइट कॉलिक नसणे हा त्यामुळे दोष ठरत नाही. त्या भागाला रक्त शेजारच्या कमानींतून मिळते आणि तो माणूस शंभर वर्षे जगू शकतो. अडचण होते ती नकाशा पाठ करून आलेल्या शल्यचिकित्सकाची.

महाराष्ट्रात देहांचा पुरवठा नियमित करणारा कायदा 1949 चा, मुंबई शारीरविद्या अधिनियम. ठरावीक मुदतीत कोणी नातेवाईक पुढे न आलेला मृतदेह वैद्यकीय संस्थेला विच्छेदनासाठी द्यावा हा त्याचा मूळ गाभा. दान केलेल्या देहांची तरतूद नंतर दुरुस्तीने आली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके मराठी विद्यार्थ्याने जी मोठ्या आतड्याची रोहिणी पाहिली ती बहुधा फूटपाथवर, धर्मशाळेत किंवा सरकारी खाटेवर एकाकी मेलेल्या माणसाची होती. ठाणे ते कल्याण या रेल्वेमार्गावर अपघातांत मरणाऱ्यांचे बेवारस देह नेहमीच आढळतात, परंतु असे देह शवचिकित्सेसाठी कायद्याने उघडावेच लागतात आणि उघडलेला देह विच्छेदनगृहाच्या कामाचा राहत नाही; त्यामुळे बेवारसांची संख्या मोठी दिसली तरी अध्यापनास योग्य देह तुटपुंजेच राहतात.

ठाणे महानगरपालिकेने कळव्यात 1992 साली राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाशी ते जोडलेले आहे. या महाविद्यालयामुळे रेल्वे आल्यानंतर सुमारे 140 वर्षांनी या पट्ट्याला स्वतःचे विच्छेदनगृह मिळाले. त्याच्या आसपासच्या काळात डोंबिवलीत देहदानाचा विचार मूळ धरत होता. मध्यमवर्गीय नोकरदारांच्या, वाचनालये आणि व्याख्यानमाला चालविणाऱ्या या शहरात दधीची देहदान मंडळ काम करू लागले. वृत्रासुराच्या वधासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या ऋषीचे नाव घेतल्याने जी कल्पना शास्त्रीय म्हणून परकी वाटली असती ती पुराणातून घरची झाली. दशक्रियेला, पिंडाला, अस्थिविसर्जनाला काय करायचे हा प्रश्न मात्र सुटत नाही. काही घरे प्रतीकात्मक विधी करून तो मिटवतात, काही घरांत मृत व्यक्तीने भरलेला अर्ज कपाटात राहतो आणि मुले देह स्मशानात नेतात, कारण अर्ज कायद्याने वारसांना बांधत नाही. अर्ज भरलेल्याचा देह काही तासांत, डॉक्टरच्या मृत्युदाखल्यासह, महाविद्यालयात पोचवावा लागतो. डोंबिवलीहून कोपर, दिवा, मुंब्रा ओलांडून कळव्याला येणारी ही शेवटची फेरी रोजच्या लोकलच्याच दिशेने होते, फक्त रस्त्याने.

देह आल्यावर मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीतून फॉर्मालिनचे मिश्रण आत सोडतात; मांस टिकवण्याचा फॉर्मालिनचा हा गुण जर्मनीच्या फर्डिनंड ब्लुम यांच्या 1893 साली लक्षात आला. महिन्यांनंतर तोच देह टेबलावर येतो. पोटाची भिंत चौफेर उघडून बाजूला सारतात, वरच्या अंगाने पदरासारखी लोंबणारी चरबीची चादर उचलून आडवे आतडे छातीकडे उलटवतात, लहान आतड्याची वेटोळी डावीकडे ढकलतात; मग आंत्रबंधाच्या मुळाशी पिवळट चरबीत बोटाने चाचपून रोहिणीचा कणा शोधतात आणि चिमट्याने चरबी कणाकणाने काढत तिच्या शाखा मोकळ्या करतात. या कामात सुरी फार कमी वापरतात, कारण सुरीने रोहिणी कापली गेली तर ती होती की नव्हती हे कोणालाच सांगता येत नाही. उजव्या बाजूला इलिओकॉलिक सापडते, मिडल कॉलिक सापडते, दोहोंमधली जागा मात्र कितीही साफ केली तरी रिकामीच राहते आणि विद्यार्थ्याला वाटते की आपणच ती तोडली. पुष्कळदा त्याने काहीच तोडलेले नसते.

बेवारस देहांकडून दान केलेल्या देहांकडे झालेल्या या वाटचालीने दिसणारी रचनाही बदलली असावी, या मुद्द्याकडे शारीरशास्त्राच्या लेखकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. बेवारस मरणारा बहुधा उपाशी, खंगलेला आणि पुरुष. त्याच्या आंत्रबंधात चरबी कमी, त्यामुळे रोहिण्या स्वच्छ दिसत. डोंबिवलीतून येणारा दाता बहुधा सत्तरी-ऐंशीचा, पोटभर जेवलेला, मधुमेह-रक्तदाब सांभाळलेला. त्याच्या आंत्रबंधात चरबीचे थर असतात आणि महारोहिणीच्या भिंतीत चुन्याची खडी. खालच्या मेसेंटेरिकचे तोंड या खडीने अरुंद झाले की डावीकडचे आतडे हळूहळू वरच्या रोहिणीवर विसंबू लागते आणि काठाची किंवा तिला समांतर जाणारी एक वाहिनी जाड होऊन नागमोडी वळते. मॉस्कोविट्झ यांनी 1964 साली तिचे वर्णन केले. टेबलावर अशी जाड वाहिनी सापडली तर ती जन्मजात भेद की वयाने केलेली तडजोड हे ठरविण्यासाठी देणाऱ्याचा वैद्यकीय इतिहास लागतो. बेवारस देहाला असा इतिहास नसतो. दात्याला असतो, आणि बहुतेक वेळा तो घरच्यांच्या फायलीत पडून राहतो.

आता शस्त्रक्रियेपूर्वी सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेल्या प्रतिमांनी, रोहिण्यांचा नकाशा जिवंत माणसातच पाहता येतो. उजव्या आतड्याच्या कर्करोगात आंत्रबंध अखंड उचलून शाखा मुळाशी बांधण्याची पद्धत 2009 मध्ये जर्मनीच्या होहेनबर्गर यांनी मांडल्यापासून तर कोणती शाखा कोठून निघते हे आधीच कळणे आवश्यक झाले आहे. मशीनचे हे नकाशे विच्छेदनापेक्षा मोठ्या संख्येने जमतात. आपल्याकडच्या महाविद्यालयांत देहांवर होणारे अभ्यास सहसा पन्नास-साठ देहांपुढे जात नाहीत. तरीही काठाच्या रोहिणीचा प्लीहेजवळचा बारीक धागा प्रतिमेत पुसट होतो, आणि तेथे टेबलावरच्या चिमट्याला अजून काम उरते.

विच्छेदनाची वर्षे संपल्यावर उरलेले अवशेष नियमानुसार अंत्यसंस्काराला जातात. त्याआधी एखादा दक्ष शिक्षक नोंदवहीत देहाचा क्रमांक, वय, लिंग आणि पुढे ‘राइट कॉलिक आढळली नाही’ एवढी एक ओळ लिहून ठेवतो. रकान्यात नाव नसते.